प्रॉपर्टीच्या सेमिनारला पैसे भरण्याआधी: एका झेरॉक्सवाल्याचं म्हणणं

माझं दुकान पुण्यात दुय्यम निबंधक कार्यालयाच्या समोर आहे. झेरॉक्स, टायपिंग, चलन काढून देणं, भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी. सतरा वर्षं झाली. दस्त नोंदवायला आलेली माणसं नंबर लागेपर्यंत माझ्या बाकड्यावर टेकतात आणि बोलत बसतात. गेली काही वर्षं एक प्रश्न सारखा येतो, जास्त करून नुकती नोकरी लागलेल्या पोरांकडून. "काका, रिअल इस्टेटचा सेमिनार आहे, पंधरा हजार घेतात. करू का?"

नवखे असाल तर नको. निदान आत्ता नको. आधी दोन महिने खाली लिहिलंय तेवढं स्वतः करा, मग वाटलंच तर भरा पैसे.

हे ऐकीव नाही. २०२२ साली मी स्वतः १४,१५९ रुपये भरून दोन दिवस बसलोय. ११,९९९ फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. दिवसभर सातबारे आणि इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) हाताळणारा माणूस तेच शिकायला पैसे भरून गेला, यावर घरात अजून हसणं चालू असतं.

गेलो मेहुण्यापायी. त्याने रात्री ९९ रुपयांचा वेबिनार बघितला आणि सकाळी सातला फोन. "दाजी, तुम्हाला यातलं कळतं, तुम्ही सोबत चला. दोघांना मिळून डिस्काउंट आहे." डिस्काउंट कसलं, ते आजवर कळलेलं नाही.

बायपासजवळच्या एका हॉटेलचा हॉल. शनिवारी सकाळी नऊला मोठ्याने गाणी लावलेली, सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. शेजारी एक निवृत्त मास्तर होते, ते बिचारे गुडघा धरून टाळ्या वाजवत होते. दुपारपर्यंत सगळं मनावर: गरिबांची मानसिकता, श्रीमंतांची मानसिकता, बँकेचा पैसा वापरा, स्वतःचा लावू नका. जेवण चांगलं होतं. दुपारी एक वकीलबाई आल्या आणि तासभर मालकी हक्काचा शोध कसा घेतात ते बोलल्या. फळ्यावर फेरफाराची, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदींची, साखळी काढून दाखवली. दोन दिवसांतला तेवढा एक तास कामाचा. त्यांना प्रश्न विचारायला हात वर झाले तर सूत्रसंचालक म्हणाला, वेळ संपली.

रविवारी चारला दिवे मंद झाले. पडद्यावर एक आकडा आला, त्यावर फुली मारली, खाली दुसरा आकडा, त्यावरही फुली, आणि मग १,५०,०००. वर्षभराचं मार्गदर्शन, फक्त आज, फक्त पहिल्या वीस जणांना. मागे टेबलं आधीच मांडलेली. प्रत्येक टेबलावर कार्डाचं मशीन, फॉर्म आणि दोरीला बांधलेलं पेन. मी फॉर्मची मागची बाजू वाचायला उलटला तर टेबलावरची मुलगी म्हणाली, "सर, ते नंतर वाचा, सीट जातील." सतरा वर्षं मी लोकांना सांगत आलोय की सही करण्याआधी मागची बाजू वाचा. त्या मुलीचा मला राग नाही आला, तिलाही महिन्याचा आकडा गाठायचा असणार. पण मी पेन खाली ठेवलं.

ही पद्धत आपल्याकडची नाहीच. अमेरिकेतल्या ट्रम्प युनिव्हर्सिटीची शिडी बघा: आधी मोफत भाषण, मग १,४९५ डॉलरचे तीन दिवस, मग ३४,९९५ डॉलरपर्यंतचं मार्गदर्शन. त्यावरचे फसवणुकीचे दावे २०१६ मध्ये, चूक कबूल न करता, अडीच कोटी डॉलरला मिटले. आपल्याकडे रकमा लहान आहेत, पायऱ्या त्याच. म्हणून सेमिनारची किंमत ठरवताना तिकिटाचा आकडा बघू नका. शेवटच्या दुपारी तुमच्याकडून काय मागणार आहेत, ते आधी विचारा. फोनवर सरळ विचारायचं: "शेवटी पुढचा कोर्स विकणार का? एखादा प्रोजेक्ट दाखवणार का?" उत्तर गोल आलं की समजा, दोन्ही.

प्रोजेक्ट दाखवणार असतील तर मामला वेगळा होतो. मग तो शिक्षक राहत नाही, एजंट होतो, आणि एजंटला महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते. नंबर 'ए' या इंग्रजी अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी' ने. दोन्ही महारेराच्या वेबसाइटवर टाकून बघता येतात. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे, मोबाइल धरला की प्रकल्पाची सगळी कुंडली उघडते. हॉलमध्ये लावलेल्या फलकावर तो नसेल तर चहा पिऊन निघा.

वक्त्यालाही एक परीक्षा घाला. तो स्टेजवरून सांगतो की माझे बारा फ्लॅट आहेत. असतीलही. विचारायचं, "सर, एका व्यवहाराचा दस्त क्रमांक सांगा. हवेली क्रमांक किती, साल कोणतं?" (हवेली क्रमांक म्हणजे इथल्या नोंदणी कार्यालयाचा नंबर.) नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर दस्त क्रमांकावरून इंडेक्स टू निघतो. खरेदीखत हा सार्वजनिक दस्त आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मी हा प्रश्न जेवणाच्या रांगेत विचारला. "ते सगळं कंपनीच्या नावावर आहे," असं हसून सांगून तो पुढे सरकला. कंपनीच्या नावावर घेतलं तरी दस्त क्रमांक असतोच.

आता हिशोब. 'शून्य रुपयांत घर' हे जे सांगतात ना, ते कागदावर मांडून बघा. पुण्यात ६० लाखांचा बांधकाम चालू असलेला फ्लॅट धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के मिळतात, म्हणजे ४८ लाख. बारा लाख तुमचे. मुद्रांक शुल्क पुण्यात एलबीटी (स्थानिक संस्था कर) आणि मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४,२०,०००. (एकट्या बाईच्या नावावर घेतला तर एक टक्का सवलत.) नोंदणी फी ३०,०००. जीएसटी ५ टक्के, तीन लाख. हे वरचे खर्च बँक सहसा किमतीत धरत नाही. बेरीज केली की साडेएकोणीस लाख रोख लागतात. हे 'शून्य' कुठून आणायचं, तर सेमिनारमध्ये सांगतात पर्सनल लोन काढा, क्रेडिट कार्ड वापरा, नातेवाइकांना भागीदार करा. ते शून्य नव्हे, ते महागडं कर्ज झालं, आणि वर भाऊबंदकी.

आणि भाडं? तो फ्लॅट तयार होऊन महिना १७,००० भाड्याने गेला असं धरा. आमच्या भागात त्या किमतीच्या फ्लॅटला साधारण एवढंच येतं, करार मीच नोंदवतो. वर्षातला एक महिना रिकामा जाणार. मेंटेनन्स अडीच हजार, मिळकतकर दहा हजारांच्या आसपास. हातात वर्षाला दीड लाखालाही तीन हजार कमी. गुंतले साडेसदुसष्ट लाख. म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्याही आत. आणि ४८ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता महिना ४१,६०० च्या पुढे. भाव वाढले तर नफा, हे मान्य, आणि पुण्यात अनेकांना झालाय. पण 'भाड्यातून हप्ता फिटतो' हे वाक्य स्टेजवरून आलं की खिशातला मोबाइल काढून गुणाकार करायचा. आमच्या हॉलमध्ये दोनशे माणसं होती, एकानेही केला नाही. मीही नाही. मी सोमवारी दुकानात बसून केला.

मग चौदा हजार आणि दोन दिवस हाताशी असतील तर काय करायचं, ते सांगतो.

पहिलं म्हणजे एकच भाग निवडा. सगळं पुणे नको. रावेत घ्या, नाहीतर आंबेगाव, नाहीतर जिथे तुमची मावशी राहते ते. रोज ये-जा असेल असा. तिथल्या दोन-तीन इमारती ठरवा आणि ई-सर्चवर त्या गावाचा सर्व्हे नंबर टाकून गेल्या वर्षाचे इंडेक्स टू काढा. साइट कधी चालते, कधी रुसते. सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा बघा. इंडेक्स टूमध्ये दोन ओळींवर बोट ठेवायचं, 'मोबदला' आणि 'बाजारभाव'. मोबदला म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत, बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे सरकारने धरलेली. जी जास्त, तिच्यावर शुल्क लागतं. खाली क्षेत्रफळ असतं, भागाकार करा. आता त्याच इमारतीसाठी एजंट फोनवर काय भाव सांगतो ते ऐका. दहा इंडेक्स टू वाचल्यावर तुम्हाला त्या भागाचा भाव जेवढा कळेल, तेवढा कुठल्याही हॉलमध्ये कळणार नाही. यात खुबी एवढीच की एखादा व्यवहार फार स्वस्त दिसला तर लगेच हुरळू नका. कधी बक्षीसपत्र असतं, कधी बाप-लेकातला व्यवहार, कधी नुसतं पार्किंग. 'विलेखाचा प्रकार' ही पहिली ओळ त्यासाठीच असते.

दुसरं, सातबारा वाचायला शिका. महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो, नुसता बघायला पैसे नाहीत. शहरात सिटी सर्व्हे झालेला असेल तिथे त्याऐवजी मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. लोक सातबाऱ्यावर नाव आणि क्षेत्र बघतात आणि घडी घालतात. खरी गंमत दोन जागी आहे. एक, भूधारणा पद्धत: भोगवटादार वर्ग १ की वर्ग २. वर्ग २ म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय ती जमीन हस्तांतरित करता येत नाही. दुसरी जागा उजवीकडे, 'इतर हक्क'. बँकेचा बोजा, कुळाचं (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं) नाव, बहिणींचे हक्क, कोर्टातल्या दाव्याची नोंद, सगळं तिथे बसलेलं असतं, बारीक अक्षरात.

मेहुण्याची गोष्ट इथेच आहे. रविवारी त्याने दीड लाख भरले नाहीत, कारण मी शेजारी होतो. मी पाणी प्यायला गेलो तेवढ्यात त्याने ५१,००० भरले, दुसऱ्याच टेबलावर. मुळशीकडच्या एनए (बिगरशेती) प्लॉटचं 'प्री-लाँच'. आत्ता टोकन द्या, भाव पुढच्या महिन्यात वाढणार. पावतीवर लिहिलेलं, 'एक्सप्रेशन ऑफ इंटरेस्ट', म्हणजे नुसता रस दाखवला. सोमवारी तो दुकानात आला, चेहऱ्यावर लग्न ठरल्यासारखा आनंद. मी गट नंबर विचारला. तो ब्रोशरवर नव्हता. एजंटकडून मागून घेतला तेव्हा संध्याकाळ झाली. सातबारा काढला. 'इतर हक्क'मध्ये ओळ होती: कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र. म्हणजे कुळाला मिळालेली जमीन, आणि विकण्यावरची शर्त अजून कायम. एनए तर दूरच, क्षेत्रावर भाताचं पीक लिहिलेलं. महारेराचा नंबर नाही. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या क्षेत्रावर प्लॉट पाडून विकायचे तर नोंदणीआधी जाहिरात करणं, बुकिंग घेणं, यातलं काहीच करता येत नाही, हे २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम ३ मध्येच आहे. मग त्याला प्री-लाँच म्हणा, इंटरेस्ट म्हणा, नाहीतर आशीर्वाद म्हणा.

मेहुणा बराच वेळ त्या ओळीकडे बघत होता. मग म्हणाला, "दाजी, हे काल सांगितलं असतं तर?" काल मी पाणी पीत होतो.

शेतजमिनीच्या नादी लागणार असाल तर आणखी एक. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. गुंठा-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांचे नियम सारखे बदलत आलेत, त्यामुळे "आता सगळं चालतं" असं कोणी म्हटलं की तलाठ्याकडे जाऊन विचारा, स्टेजवरच्याला नको.

तिसरं, महारेराच्या साइटवर तुमच्या भागातले चार प्रकल्प उघडा. मूळ पूर्णत्वाची तारीख आणि सुधारित तारीख, दोन्ही बघा. मुदत किती वेळा वाढवून घेतली, दावे किती, किती सदनिका विकल्या गेल्या. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाला वापरायचे असतात, आणि नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही (रेरा कायद्याचं कलम १३). एवढं माहीत असलं तरी विक्री कार्यालयातल्या बोलण्यात फरक पडतो. पोरं मला येऊन सांगतात, "काका, कलम १३ म्हटल्यावर तो नीट बसला खुर्चीत."

चौथं, वाचवलेल्या पैशातून वकिलाला द्या. एखादी जागा खरंच आवडली की मालकीचा तीस वर्षांचा शोध घेऊन टायटल रिपोर्ट करून घ्या. आमच्या रांगेतल्या वकिलांची यासाठीची फी बहुतेकदा त्या सेमिनारपेक्षा कमीच असते, पण जागेप्रमाणे बदलते, आधी ठरवून घ्या. जाताना सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आधीचे दस्त, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला परवानगी असल्याचा दाखला) घेऊन जा. आणि वकील बिल्डरने सुचवलेला नको. हे लिहायला लागू नये, पण लागतं.

पैसे भरून शिकण्यात काहीच अर्थ नाही, असंही नाही. एजंट व्हायचं असेल तर महारेराचं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीचीच आहे, ती करा. सोसायटीच्या पुनर्विकासावर किंवा मानीव अभिहस्तांतरणावर (बिल्डर करत नसेल तर जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं) वकील-आर्किटेक्ट एक दिवसाचे वर्ग घेतात. विषय अरुंद, फी हजार-दोन हजार, आणि शेवटी टेबलं मांडलेली नसतात. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अशा एका वर्गाला जाऊन आले आणि परत आल्यावर पहिल्यांदाच सभेत कोणी कुणावर ओरडलं नाही. तुमच्याकडे आधीच दोन जागा आहेत आणि कर्जाची फेररचना किंवा भांडवली नफ्याचा कर असा नेमका प्रश्न आहे, तर सीएची एक तासाची फी द्या. नवख्याची अडचण अशी असते की त्याला प्रश्नच पडलेला नसतो, आणि ज्याला प्रश्न पडलेला नाही त्याला स्टेजवरचं प्रत्येक उत्तर सोन्याचं वाटतं.

तरीही जायचंच ठरवलं असेल तर जा, पण क्रेडिट कार्ड घरी ठेवा. खरंच घरी. सोबत बायकोला किंवा नवऱ्याला न्या, आणि पाणी आधी प्या. फी परत मिळण्याची अट ईमेलवर मागून घ्या, 'शंभर टक्के गॅरंटी' असं पोस्टरवर असलं तरी. जीएसटीचं बिल मागा. नुसत्या व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटवर तक्रार उभी करणं अवघड जातं. 'महिना एक टक्का खात्रीचा परतावा' असा शब्द कानावर आला तर तिथेच थांबा. नोंदणी नसताना अशा ठेवी गोळा करायला २०१९ च्या कायद्याने बंदी आहे.

भरून बसला असाल तर लाजू नका आणि वेळ घालवू नका. त्याच आठवड्यात लेखी कळवा, फोनवर नको. कार्डाने भरले असतील तर बँकेकडे वाद नोंदवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. प्रकल्पाच्या नावाने पैसे घेतले असतील आणि नोंदणी नसेल तर महारेराकडे तक्रार करता येते. मेहुण्याच्या वेळी आम्ही एक पानी पत्र केलं. कलम ३ चा उल्लेख, गट नंबर, सातबाऱ्याची प्रत, पावतीची प्रत, आणि पंधरा दिवसांची मुदत. टायपिंग माझंच. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. दहाव्या दिवशी फोन आला, आवाज एकदम गोड. ५१,००० तीन हप्त्यांत परत आले, शेवटचा हप्ता दिवाळीनंतर.

सेमिनारचे १४,१५९ मात्र गेले, आणि त्याचेही तेवढेच. आम्हाला मिळालेली जाड निळी फाइल अजून दुकानात आहे, वर सोनेरी अक्षरं. लोक घाईत विसरून गेलेले इंडेक्स टू मी तिच्यात ठेवतो. तुमचा राहिला असेल तर येऊन घेऊन जा.